बारा पट पुरे

रायफलच्या स्कोपच्या, म्हणजे तिच्यावर बसवायच्या दुर्बिणीच्या, डब्यावर सगळ्यात ठळक छापलेला असतो तो पटींचा, म्हणजे समोरचं किती पट मोठं दिसतं त्याचा आकडा. ३-९, ४-१२, ६-२४. दोनशे-तीनशे डॉलरच्या स्कोपमध्ये हा आकडा वाढवून देणं कारखान्याला फार जड जात नाही, आणि दुकानात उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेतही तोच आधी भरतो. जे करायला खरोखर पैसे लागतात ते मात्र डब्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. नेम सरकवायची गोल खुंटी, म्हणजे टरेट, टक-टक करत आठ टप्पे, म्हणजे आठ क्लिक, वर फिरवली की गोळी आठ क्लिकच वर जाते का? परत आठ क्लिक खाली आणले की ती पहिल्या जागी येते का? रायफल ट्रकमध्ये घालून शेताच्या खडबडीत वाटेनं महिनाभर हिंडवली, तरी नेम होता तिथेच राहतो का? बेताच्या पैशांत स्कोप घ्यायचा असेल तर पैसे या प्रश्नांसाठी मोजावेत आणि पटी जेवढ्या पदरात पडतील तेवढ्यावर समाधान मानावं, असं माझं ठाम मत झालं आहे.

आम्ही पेनसिल्व्हेनियाच्या मधल्या भागात, सस्क्वेहाना नदीच्या खोऱ्यात राहतो. घरामागे आमची थोडी भाजीपाल्याची जमीन, आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचं लसूणघासाचं आणि सोयाबीनचं शेत. या दोन्ही ठिकाणी ग्राउंडहॉगचा मुक्काम असतो. चार-पाच किलोंचा, तपकिरी, आखूड पायांचा हा प्राणी थंडीभर बिळात झोपून काढतो आणि वसंतात बाहेर पडला की खात सुटतो. सोयाबीनचे कोवळे कोंब त्याच्या फार आवडीचे. बिळाच्या तोंडापासून सुरुवात करून तो गोलाकार पीक साफ करत जातो. जूनमध्ये शेताच्या कडेला असे बोडके चकंदळ दुरूनही दिसतात. पण खाण्यापेक्षा त्याचं खणणं महागात पडतं. एका बिळाला दोन-तीन तोंडं असतात. एकाशी मातीचा ढीग असतो म्हणून ते दिसतं. बाकीची उंच गवतात लपलेली असतात, आणि घास कापणाऱ्या यंत्राचं चाक नेमकं त्यांत जातं. शेजाऱ्यांच्या जुन्या लाकडी गोठ्याच्या पायाखाली यांनी इतकं पोखरलं होतं, की एका कोपऱ्याचे दगड खचले.

याच राज्यातल्या पंक्सटॉनी गावात १८८७ पासून दर २ फेब्रुवारीला ग्राउंडहॉगला मानानं बाहेर काढतात आणि त्याची सावली पडली की नाही यावरून थंडी किती उरली ते सांगतात. त्याच राज्यात जूनमध्ये शेतकरी रायफल घेऊन बांधावर बसतो. मला यात विसंगती वाटत नाही. ज्याच्यासोबत पिढ्यान् पिढ्या राहायचं, त्याचा सणही होतो आणि त्याच्यापासून राखणही करावी लागते.

आमचे शेजारी ऐंशीच्या घरातले. त्यांच्याकडे .२२२ रेमिंग्टन काडतुसाची एक बोल्ट-ॲक्शन रायफल आहे आणि तिच्यावर उनर्टल कंपनीचा लांबलचक स्कोप. पिट्सबर्गच्या या कंपनीचे स्कोप एकेकाळी लांबच्या नेमबाजीत सगळ्यात मानाचे. दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर व्हिएतनाममध्येही अमेरिकन मरीन सैनिकांनी आठ पटींचे उनर्टल वापरले. त्या स्कोपमध्ये नेम वर-खाली करायची सगळी यंत्रणा बाहेर असते. मागच्या कड्यावर मायक्रोमीटरसारखे दोन स्क्रू असतात, ते फिरवले की अख्खी नळीच हलते. गोळी सुटली की स्कोप धक्क्यानं पुढे घसरतो आणि प्रत्येक वेळी हातानं मागे ओढून घ्यावा लागतो. शेजाऱ्यांचा डावा हात ते काम आपोआप करतो.

बोल्ट-ॲक्शन इथे इतकी रुजली त्याला कायद्याचाही हात आहे. २०१७ पर्यंत पेनसिल्व्हेनियात शिकारीसाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नसे. त्यामुळे बोल्ट मागे ओढायचा, रिकामं काडतूस काढायचं, दुसरं चढवायचं, या संथ पद्धतीतच लोक वाढले. एकच गोळी, आणि ती नीट, हा इथला जुना शिरस्ता. विल्यम्सपोर्टला १९६७ मध्ये हजार यार्डांवरून नेम धरणाऱ्यांचा क्लब निघाला तो याच मातीत.

मी मूळची कागल तालुक्यातली. कॉलेजात एन.सी.सी.मध्ये पॉइंट टू-टू रायफलनं फायरिंग केलेलं. पालथं पडायचं, कोपर रोवायचे, लोखंडी साइट जुळवायची, अर्धा श्वास सोडून चाप हळूच दाबायचा. इथे आल्यावर बरीच वर्षं बंदुकीला हात लावला नाही, कारण तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला, काही अपवाद सोडले तर, बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याची मनाई आहे. हे आपल्या लोकांनी नीट लक्षात ठेवावं; शेजाऱ्याची रायफल सहज हातात घेण्याआधीसुद्धा आपण त्या अपवादात बसतो का ते बघून घ्यावं. ग्रीन कार्ड आल्यावर मी शिकाऱ्यांसाठीचा सक्तीचा वर्ग केला, परवाना काढला, दुकानात बंदूक खरेदीचा ४४७३ नंबरचा फॉर्म भरला, राज्य पोलिसांची तपासणी झाली, आणि .२२३ रेमिंग्टनची जाड नळीची साधी बोल्ट-ॲक्शन घेतली. रायफल निवडणं सोपं गेलं. आजकाल चार-पाचशे डॉलरची बोल्ट-ॲक्शन शंभर यार्डांवर इंच-सव्वा इंचात गोळ्या बसवते. स्कोपचा विचार मात्र लांबत गेला.

सुरुवात करावी ती प्राण्यापासून आणि अंतरापासून. आमच्या शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीचशे यार्डही भरत नाहीत, आणि मागे मातीचा उतार असलेल्या जागा धरल्या तर दोनशेच्या आतच काम. लोकवस्तीच्या घरापासून दीडशे यार्डांचा पट्टा, तिथे राहणाऱ्यांची परवानगी नसेल तर, कायद्यानं वर्ज्य. ग्राउंडहॉग मागच्या पायांवर उभा राहिला की छाती-डोक्याचा जो भाग लक्ष्य म्हणून धरायचा तो तीनेक इंच रुंद. तिथे लागलं तर तो जागीच पडतो. इंचभर इकडे-तिकडे झालं तर जखमी होऊन बिळात जातो आणि आत तळमळून मरतो. स्कोपवर पैसे खर्च करण्याचं माझ्या लेखी मोठं कारण हेच आहे. ज्याला मारायचं त्याला हाल न होता मारता यावं.

आता हिशेब. बारा पटींतून दोनशे यार्डांवरचा प्राणी उघड्या डोळ्यांना सतरा यार्डांवर दिसावा तेवढा दिसतो. घराच्या अंगणातल्या टोकाला बसलेला ग्राउंडहॉग डोळ्यांपुढे आणा. त्याच्या मिशा मोजायच्या नसतील तर याहून काय हवं? चोवीस पटींत तो आठ-साडेआठ यार्डांवर येतो हे खरं, पण सोबत आणखीही बरंच काही येतं. काळजाचा ठोका स्कोपमध्ये दिसू लागतो. दिसणारं क्षेत्र इतकं आखडतं, की गवतातून डोकं वर काढणारा प्राणी त्यात सापडेपर्यंत तो पुन्हा खाली गेलेला असतो. आणि जुलैच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा. नऊ-दहा पटींपर्यंत ती नुसती थरथरते. अठराच्या पुढे प्राण्याची कडाच सांडायला लागते आणि नेम नेमका कशावर धरायचा तेच कळत नाही. महाग काचेलाही ही हवा थांबवता येत नाही. उलट त्या थरथरीचा उपयोग आहे: ती कोणत्या बाजूला वाहते त्यावरून वारा समजतो. ताशी दहा मैलांचा आडवा वारा .२२३ च्या ५५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळीला दोनशे यार्डांवर चारेक इंच ढकलतो, म्हणजे लक्ष्याच्या अख्ख्या रुंदीपेक्षा जास्त. ज्याला वारा वाचता येत नाही त्याला चोवीस पटी देऊन काहीही साधत नाही.

पुढच्या काचेच्या आकाराचंही तसंच. पुढच्या काचेचा व्यास पटींनी भागला की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या गोलाचा व्यास मिळतो. ४० मिलिमीटरच्या काचेला बारानं भागलं तर ३.३. भर दिवसा डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडते, म्हणजे तेवढा प्रकाश भरपूर झाला. हरणाच्या शिकाऱ्याला अंधुक उजेडात बसावं लागतं, म्हणून तो ५० किंवा ५६ च्या काचेसाठी जादा पैसे मोजतो. ग्राउंडहॉग उन्हाचा प्राणी. सकाळी दव सुकल्यावर आणि दुपार उतरल्यावर चरायला निघतो. आपल्याला ४० पुरते, आणि पुरते म्हणून स्कोप नळीच्या जवळ, बुटक्या कड्यांत बसतो, गाल दस्त्यावर नीट टेकतो. काच मोठी नसली तरी चालेल, पण काचेच्या सगळ्या पृष्ठभागांवर अनेक थरांचं लेपन हवं. उतरत्या उन्हाकडे तोंड करून बघितल्यावर चित्रावर पांढुरकं धुकं आलं की समजावं, इथे पैसे वाचवलेत. दुकानाबाहेर नेऊन बघू द्या म्हटलं तर बहुतेक दुकानदार देतात. आतल्या ट्यूबलाइटखाली सगळेच स्कोप छान दिसतात.

एक गोष्ट मात्र मी पैसे देऊन घेतली, ती म्हणजे पॅरॅलॅक्स जुळवायची सोय. डोकं किंचित हलवलं तर क्रॉसहेअर, म्हणजे नेम धरायची फुली, लक्ष्यावरून सरकल्यासारखा दिसतो, तो हा दोष. साध्या स्कोपमध्ये तो कारखान्यातच शंभर किंवा दीडशे यार्डांसाठी काढून टाकलेला असतो. शंभरला जुळवलेला ४० मिलिमीटरचा स्कोप दोनशेवर वापरला आणि डोळा अगदी कडेला गेला, तर चूक २० मिलिमीटरपर्यंत जाते, म्हणजे पाऊण इंच. हरणाच्या छातीला पाऊण इंचानं फरक पडत नाही. तीन इंचांच्या लक्ष्याला पडतो, विशेषतः बांधावर वेडंवाकडं बसून, गाल जेमतेम टेकलेला असताना. पुढच्या काचेभोवती किंवा डाव्या बाजूला एक कडं असतं. ते फिरवून अंतर जुळवता येतं. पुढचं कडं थोडं गैरसोयीचं, पण स्वस्त आणि भरवशाचं. मी तेच निवडलं. एक इशारा द्यायलाच हवा: पॉइंट टू-टूसाठी म्हणून विकले जाणारे स्वस्त स्कोप पन्नास-साठ यार्डांना जुळवलेले असतात. ते .२२३ वर चढवू नयेत.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. स्कोपच्या नळीच्या आत आणखी एक बारीक नळी असते. तिचं मागचं टोक एका सांध्यावर धरलेलं, पुढचं मोकळं. वरचा टरेट फिरवला की त्याचा स्क्रू या आतल्या नळीला खाली दाबतो, बाजूचा टरेट आडवी ढकलतो, आणि समोरच्या बाजूनं एक स्प्रिंग तिला उलट रेटून स्क्रूला चिकटवून ठेवते. नेमाचा सगळा भार या एवढ्याशा स्प्रिंगवर. ती कमजोर असली, किंवा स्क्रूचं टोक मऊ धातूचं असलं, की पुढचा प्रकार होतो: तुम्ही चार क्लिक फिरवता, टक-टक आवाज येतो, बोटांना छान वाटतं, आणि आतली नळी जागची हलत नाही. पुढची गोळी जुन्याच ठिकाणी लागते. तुम्ही वैतागून आणखी चार फिरवता. मग त्या धक्क्यानं नळी एकदम सुटते आणि गोळी आठ क्लिक पलीकडे जाते. म्हणूनच जुने लोक टरेट फिरवल्यावर त्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं दोन टिचक्या मारतात. शेजाऱ्यांच्या उनर्टलमध्ये हे सगळं डोळ्यांसमोर, उघड्यावर घडतं. स्क्रू टेकलाय की नाही ते दिसतं. आपल्या स्कोपमध्ये ते बंद नळीच्या आत, नायट्रोजन भरून सील केलेलं, त्यामुळे कागदावर परीक्षा घेण्यावाचून गत्यंतर नाही.

ही यंत्रणा सामान्यांच्या खिशात आली त्याचं श्रेय बिल वीव्हर नावाच्या माणसाला. १९३० मध्ये, ऐन मंदीच्या तोंडावर, केंटकीतल्या न्यूपोर्टमध्ये त्यानं पाऊण इंच नळीचा, जेमतेम तीन पटींचा ३३० नावाचा स्कोप बाजारात आणला आणि किंमत ठेवली १९ डॉलर. त्याआधी स्कोप म्हणजे युरोपातून येणारी किंवा हौशी श्रीमंतांची चीज. वीव्हरच्या स्कोपमध्ये नेम जुळवायची यंत्रणा नळीच्या आतच होती. पुढे त्याचा कारखाना टेक्ससमधल्या एल पासोला गेला, आणि अमेरिकेतल्या शेतकऱ्याच्या रायफलवर स्कोप दिसू लागले ते मुख्यतः त्याच्यामुळे. बेताच्या किमतीचा स्कोप म्हणजे खऱ्याची नक्कल, असं जे तुच्छतेनं म्हणतात त्यांना हा इतिहास ठाऊक नसतो. स्वस्त आणि प्रामाणिक वस्तू बनवणं ही वेगळी कारागिरी आहे, आणि मला ती ऐंशी वर्षं टिकणाऱ्या महागड्या काचेइतकीच आदराची वाटते.

तर परीक्षा. शंभर यार्ड टेपनं मोजून घ्यायचे, अंदाजानं नाही. उंच फळीवर कागद लावून त्यावर ओळंब्यानं एक उभी रेघ मारायची. खालच्या ठिपक्यावर नेम धरून तीन गोळ्या. मग नेम तिथेच ठेवून टरेट २० मिनिटं (हे कोनाचं मिनिट, अंशाचा साठावा भाग) वर फिरवायचा, म्हणजे पाव मिनिटाचे ८० क्लिक, आणि पुन्हा तीन. एक मिनिट शंभर यार्डांवर १.०४७ इंचांचं असतं, म्हणून वरचा गट खालच्यापासून २०.९४ इंचांवर यायला हवा. तो रेघेवर आला नाही, एका बाजूला झुकला, तर स्कोप कड्यांत तिरका बसलाय. शेवटी ८० क्लिक खाली आणून परत तीन गोळ्या. त्या पहिल्या तिनांत मिसळल्या की निम्मी परीक्षा पास. माझ्याकडे वरचा गट पाऊण इंच कमी भरला. हे मला चाललं. दोनशे यार्डांच्या कामात पाच-सहा क्लिकच फिरवायचे असतात. तिथे ती तूट दिसतही नाही. पण खालचा गट परत पहिल्यावर आला नसता, तर मी तो स्कोप ठेवला नसता.

या सगळ्याआधीची एक पायरी मला मनापासून आवडते, आणि ती बोल्ट-ॲक्शनवर सहज जमते. रायफल वाळूच्या दोन पिशव्यांवर ठेवायची, रिकामी असल्याची खात्री करायची, आणि बोल्ट पूर्ण काढून बाजूला ठेवायचा. आता मागून नळीत बघितलं की आरपार दिसतं. पंचवीस यार्डांवरच्या काळ्या ठिपक्याचं वर्तुळ नळीच्या तोंडाच्या वर्तुळात मधोमध येईपर्यंत पिशव्या दाबत-सरकवत राहायचं. नळीच्या आतल्या पिळाच्या चकचकीत रेघा त्या काळ्या ठिपक्याकडे वळत जाताना दिसतात. मग रायफलला धक्का न लावता डोळा वर घ्यायचा, स्कोपमधून बघायचं, आणि टरेट फिरवून क्रॉसहेअर त्याच ठिपक्यावर आणायचा. पुन्हा नळीतून, पुन्हा स्कोपमधून. एकही काडतूस न जाळता पहिली गोळी कागदावर पडते. यासाठी लेझरचं उपकरण विकत घ्यायची काही गरज नाही.

कड्यांबद्दल थोडक्यात: स्कोप ज्या कड्यांत बसतो त्यांत कंजूषी करू नये. बेस (कडी ज्यावर बसतात ती रायफलवरची पट्टी) आणि कडी मिळून पन्नास-साठ डॉलर बाजूला काढावेत, स्क्रूवरचं तेल पुसावं, आणि कड्यांचे स्क्रू टॉर्कच्या पान्यानं पंधरा ते अठरा इंच-पौंडांपर्यंतच आवळावेत. नेम भटकतो म्हणून बदनाम झालेल्या कितीतरी स्कोपचा दोष खालच्या ढिल्या बेसमध्ये निघतो. आणि जास्त आवळलं तर स्कोपची नळी चेपते, आतली यंत्रणा अडकते.

कंपन्यांचं म्हणाल तर दोनशे ते साडेतीनशे डॉलरच्या टप्प्यात ल्युपोल्ड, व्होर्टेक्स, बरिस, बुशनेल, ॲथलॉन अशी बरीच नावं आहेत. मॉडेल दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, म्हणून नाव पाठ करण्यापेक्षा वरच्या परीक्षा लक्षात ठेवाव्यात. ल्युपोल्ड आणि व्होर्टेक्स दोघांचीही हमी आयुष्यभराची आणि मालक बदलला तरी चालणारी, त्यामुळे जुना स्कोप घ्यायलाही हरकत नाही. निकॉननं २०२० च्या सुमारास रायफल स्कोप बनवणं थांबवलं. त्यांचे चांगले जुने स्कोप अजून हातोहात फिरतात, फक्त बिघडले तर पुढे काय, हा विचार करून घ्यावा. क्रॉसहेअरवर अंतराच्या खुणा असलेला रेटिकल (नेमाची आखणी) घेतलात, आणि तो या किमतीत बहुधा दुसऱ्या फोकल प्लेनमधला, म्हणजे पटी वाढवल्या तरी तेवढाच दिसणारा, असणार, तर त्या खुणा एकाच पटीवर खऱ्या असतात, सहसा सर्वांत जास्त पटीवर. मी म्हणूनच साधा बारीक क्रॉसहेअर घेतला. दोनशे यार्डांवर झिरो केलं, म्हणजे गोळी नेमावरच लागेल असं जुळवलं, की .२२३ शंभरवर दीड इंच वर लागते. एवढं लक्षात ठेवायला खुणा कशाला?

मागच्या पावसाळ्यात कागलला फोन केला तेव्हा हे सगळं दादाला सांगत होते. त्याच्या उसात रानडुकरं येतात, आणि राधानगरीकडच्या पाहुण्यांच्या शिवारात गवे. "तुमचं बरं हाय बघ," तो म्हणाला. "हितं गव्यानं आख्खा ऊस लोळवला तरी फटाकडी वाजवायची आन् पंचनाम्याची वाट बघायची." मी त्याला म्हटलं, दादा, तुझा राग मला कळतो, पण गवा आणि ग्राउंडहॉग यांची तुलना होत नाही. गवा १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे तो उगाच नाही. त्याचं जंगल आपण खाल्लं म्हणून तो उसात आला. ग्राउंडहॉग उलट, जंगल तोडून शेती झाल्यावर वाढला. इथे त्याला कमी करणं आणि तिथे गव्याला वाचवणं, दोन्ही मला एकाच शेतकरी घरातून शिकता आलं. भरपाई वेळेवर मिळत नाही हे दुखणं मात्र खरं आहे, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्याच फोनवर दादानं विचारलं, "आपल्या कांबळवाडीच्या पोराच्या बंदुकीला असली दुर्बीण असती का?" स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं तेव्हापासून आमच्या भागात हा विषय घरोघरी आहे. नसते. त्या खेळात भिंगाच्या स्कोपला परवानगीच नाही. बारीक छिद्रातून बघून १०.४ मिलिमीटरचा दहाचा ठिपका वेधायचा असतो, तोही उभं राहून, गुडघ्यावर बसून आणि पालथं पडून. २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत जगज्जेती झाली तीही अशाच साइटवर. त्यांच्याकडे बघितलं की स्कोपकडून किती अपेक्षा ठेवायची ते नीट समजतं. समोर काय आहे ते स्कोप स्वच्छ दाखवेल. हात स्थिर ठेवायचं आणि चाप हळूच दाबायचं काम एन.सी.सी.च्या मैदानात शिकले तेच आणि तसंच.

स्वच्छ दिसण्याचाही एक नियम मी पाळते. शेतात काय हललं ते बघायला स्कोप वापरायचा नाही, त्यासाठी गळ्यात साधी दुर्बीण असते. स्कोपमधून बघणं म्हणजे नळीचं तोंड तिकडे रोखणं. ग्राउंडहॉगच्या जुन्या बिळात कोल्हे राहतात, स्कंक राहतात, ससे राहतात. एप्रिल-मेमध्ये पिल्लं असतात, तेव्हा मी रायफल काढत नाही. जिथे भागतं तिथे कुंपणाची जाळी फूटभर जमिनीत गाडून भागवते.

शेवटचा विषय शिशाचा, आणि इथे स्कोपच्या त्या न छापलेल्या गुणाची खरी गरज पडली. .२२३ च्या हलक्या गोळ्या लागताच फुटतात. त्यामुळे त्या दगडावर आपटून भलतीकडे जाण्याचा धोका कमी होतो, पण प्राण्याच्या अंगात शिशाची बारीक पूड पसरते. मेलेला प्राणी शेतात राहिला तर तो गरुड आणि गिधाडं खातात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पेनसिल्व्हेनियात पांढऱ्या डोक्याच्या गरुडांची अवघी तीन घरटी उरली होती. कॅनडातून पिल्लं आणून वाढवली, आणि आता सस्क्वेहानाच्या काठानं गरुड रोज दिसतात. त्यातला एखादा माझ्या गोळीच्या शिशानं मरावा हे मला सहन होणार नाही. आधी मी मेलेले प्राणी पुरत असे. पण जो बिळाच्या कडेला पडतो तो मी पोचेपर्यंत कधी कधी उचललेला असतो, म्हणून तांब्याच्या, शिसं नसलेल्या गोळ्यांकडे वळले.

तांबं शिशाहून हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि या गोळ्या वजनाला कमी ठेवतात म्हणून नळीतून जास्त वेगानं सुटतात. माझ्या रायफलमधून त्या शंभर यार्डांवर शिशाच्या गोळीपेक्षा इंचभर वर आणि अर्धा इंच डावीकडे लागतात. म्हणजे चार क्लिक खाली, दोन उजवीकडे. शिशाच्या उरलेल्या गोळ्या मी फक्त रेंजवर, कागदावर संपवते आहे, त्यामुळे हे सहा क्लिक सतत इकडून तिकडे, तिकडून इकडे होत असतात. टरेटच्या टोपणाच्या आत चिकटपट्टीवर दोन्ही आकडे लिहिलेत. अजून तरी नेम प्रत्येक वेळी आपल्या जागी परत आला आहे. महागड्या चोवीस पटींच्या स्कोपनं यापेक्षा वेगळं काय केलं असतं, ते मला सांगता येणार नाही.

शेजाऱ्यांना हे दाखवल्यावर त्यांनी त्यांच्या .२२२ साठीही तांब्याच्या गोळ्यांचा एक डबा आणायला सांगितला. त्यांच्या नळीचा पीळ जुना, चौदा इंचांत एक फेरा. त्यात लांब गोळी स्थिर राहत नाही, म्हणून ३५ ग्रेनच्या शोधून आणल्यात. उनर्टलच्या बाहेरच्या स्क्रूवर त्यांचं झिरो कुठे सरकतं, ते येत्या शनिवारी बघायचंय.